शिलावर्तुळांची हद्द

माणसाने आपल्या हाताने जमिनीत उभा केलेला, कोणताही लेख वा मूर्ती नसलेला दगड हा वारशाच्या सर्व प्रकारांत ओळखण्यास सर्वांत अवघड प्रकार आहे, आणि त्यामुळेच तो सर्वांत सहज नष्ट होणाराही आहे. मंदिराला शिखर असते, लेण्याला दरवाजा असतो, किल्ल्याला तट असतो. त्यांच्याकडे पाहणाऱ्याला, तो इतिहासाचा अभ्यासक नसला तरी, हे कोणीतरी बांधलेले आहे एवढे कळतेच. उभ्या शिळेच्या बाबतीत ही पहिली पायरीच निसटते. ज्या माळरानावर ती उभी असते तेथे तशाच खडकाचे शेकडो धोंडे निसर्गतः विखुरलेले असतात, आणि मानवी कृती व निसर्गाची कृती यांतील फरक दगडाच्या रूपात नसून त्याच्या जागेत, त्याच्या कलात आणि शेजारच्या दगडांपासूनच्या अंतरात असतो. हा फरक ज्याला दिसत नाही त्याच्या दृष्टीने ती शिळा म्हणजे पायाभरणीसाठी उपयोगी पडणारा चांगला दगड, किंवा नांगराला आडवा येणारा नको असलेला दगड.

पुरातत्त्वशास्त्रात अशा रचनांना महापाषाण किंवा बृहदश्म अशी संज्ञा आहे. मोठमोठे, बहुधा न घडवलेले किंवा अगदी ओबडधोबड घडवलेले दगड वापरून केलेल्या दफनरचना आणि स्मारकरचना असा या संज्ञेचा अर्थ असून तिच्यात अनेक प्रकार मोडतात. एकच दगड उभा पुरलेला असेल तर ती उभी शिळा होय, जिला युरोपीय अभ्यासकांच्या परिभाषेत मेनहिर म्हणतात. अनेक उभ्या शिळा ठरावीक ओळींत असतील तर ती शिलारांग. तीन-चार उभ्या दगडांवर आडवा दगड ठेवून खोलीसारखी रचना केलेली असेल तर तो शिलाप्रकोष्ठ, म्हणजे डॉल्मेन. आणि दफनाच्या किंवा स्मारकाच्या जागेभोवती धोंडे गोलाकार मांडलेले असतील तर ते शिलावर्तुळ. हे प्रकार एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे नाहीत, कारण एकाच स्थळी वर्तुळे आणि उभ्या शिळा शेजारी-शेजारी आढळतात.

महाराष्ट्रातील वाचकाला उभा दगड म्हटल्यावर प्रथम आठवतो तो वीरगळ, आणि म्हणून येथे एक भेद करणे आवश्यक आहे. वीरगळ हा ऐतिहासिक काळातील आहे. त्यावर युद्धाचे, वीराच्या मरणाचे आणि त्याच्या स्वर्गारोहणाचे कोरीव पट असतात, सूर्यचंद्र असतात, काही ठिकाणी लेखही असतो, आणि त्यामुळे तो स्वतःबद्दल बोलतो. महापाषाणातील शिळा त्याहून किमान हजार वर्षांनी जुनी असून तिच्यावर काहीही सांगितलेले नाही. दुसरा भेद तांदळ्याचा आहे. गावोगावी म्हसोबा, वेताळ, मरीआई अशा देवता न घडवलेल्या, शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपात पुजल्या जातात. त्यांतील काही दगड मुळात प्राचीन असू शकतील, पण शेंदूर हा प्राचीनतेचा पुरावा नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवर लेख लिहिला आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात ग्रामदेवतांची ठाणी, अतिप्राचीन पायवाटा आणि सूक्ष्म दगडी हत्यारांची स्थळे यांचा परस्परसंबंध मांडला. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढील संशोधनात जसेच्या तसे टिकले असे म्हणता येणार नाही, परंतु शेताच्या बांधावरील दगडाकडे पुराव्याचा तुकडा म्हणून पाहण्याची जी दृष्टी त्यांनी मराठी मुलखाला दिली, तिचे ऋण या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे.

तथापि महाराष्ट्रातील महापाषाणांचे खरे घर विदर्भ हे आहे. नागपूरच्या वायव्येस, काटोलच्या रस्त्यालगत, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी नावाचे ठिकाण असून तेथील खडकाळ, उथळ मातीच्या उंचवट्यावर सुमारे ३०० शिलावर्तुळे नोंदली गेली आहेत. त्याच परिसरातील माहुरझरी, दक्षिणेकडील टाकळघाट आणि खापा, पेंच नदीकाठचे नैकुंड, त्याशिवाय रायपूर, बोरगाव, भागीमोहारी, खैरवाडा अशी या संस्कृतीची स्थळे नागपूर आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत पसरलेली आहेत. त्यांचा काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व १००० ते ३०० असा मानला जातो. हा लोखंडाचा काळ आहे, पण विदर्भातील या लोकांनी मागे ठेवलेले लेखन नाही. म्हणून काटेकोर परिभाषेत त्याला प्रागैतिहासिक म्हणण्याऐवजी इतिहासाच्या उंबरठ्यावरचा काळ, अर्थात आद्यैतिहासिक काळ म्हणावे लागते.

शिलावर्तुळाची रचना वरवर दिसते तितकी साधी नाही. काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे मोठे धोंडे एकमेकांजवळ मांडून साधारणपणे दहा ते पंधरा मीटर व्यासाचे कडे तयार केले जाई, आणि हे धोंडे नुसते जमिनीवर टेकवलेले नसून बाहेरच्या भारापुढे टिकावेत अशा बेताने बसवलेले असत. कड्याच्या आत अस्थी, भांडी आणि वस्तू ठेवून त्यावर माती, मुरूम व लहान दगडगोटे यांचे थर भरले जात, त्यामुळे वर्तुळाचा मध्यभाग किंचित उंच दिसतो. पुष्कळ ठिकाणी सापडलेल्या अस्थी अपुऱ्या आणि विस्कळीत आहेत. त्यावरून मृतदेह आधी अन्यत्र ठेवून नंतर निवडक अस्थी येथे आणल्या जात असाव्यात असे अनुमान निघते, आणि अशा पद्धतीला दुय्यम दफन म्हणतात. काही वर्तुळांत अस्थी मुळीच मिळत नाहीत. ती केवळ स्मारके होती, की अस्थी आम्लयुक्त मातीत विरून गेल्या, याचा निर्णय प्रत्येक वर्तुळाच्या मातीवरून स्वतंत्रपणे करावा लागतो. ही गोष्ट संरक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण तिचा अर्थ असा की शिलावर्तुळात जपण्याजोगे जे आहे ते केवळ धोंडे नव्हेत. धोंड्यांच्या आतला भराव हा तितकाच, किंबहुना अधिक, मोलाचा आहे.

विदर्भातील या रचनांच्या अभ्यासाचा आरंभ एका मृत्यूशी जोडलेला आहे. नागपुरात वास्तव्य केलेले स्कॉटिश धर्मोपदेशक, भूगर्भाचे आणि मध्य भारतातील आदिवासींच्या भाषांचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप हे सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या समवेत टाकळघाटची वर्तुळे पाहण्यास गेले होते, आणि तेथून परतताना बोरीजवळच्या पुराने भरलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या अखेरच्या प्रवासाचे कारण शिलावर्तुळे होती हे मात्र त्या शहरातही फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्यानंतर काही वर्षांतच, १८६७ मध्ये, मुलकी सेवेतील अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणी येथे खोदकाम केले आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मध्य भारतातील प्रागैतिहासिक अवशेषांवर निबंध प्रसिद्ध केला. या पिढीच्या अभ्यासकांना ही वर्तुळे शक-सिथियन लोकांची किंवा थेट ब्रिटनमधील ड्रुइडांच्या नातलगांची वाटली. दक्षिणेत सुरापूर संस्थानात महापाषाणांचे उत्खनन करणारे फिलिप मेडोज टेलर यांचाही कल असाच होता. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दिसलेले वर्तुळ नागपूरजवळ दिसले की दोन्हींचे कर्ते एकच असले पाहिजेत, हा तर्क आज कोणी करीत नाही, कारण दोन्ही ठिकाणच्या रचनांत हजारो वर्षांचे अंतर आहे. पण या लोकांनी मोजमापे घेतली, आराखडे काढले आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद केली, हे त्यांच्या तर्काहून अधिक टिकाऊ काम ठरले.

स्वातंत्र्योत्तर काळात ब. कृ. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि त्यापुढील दोन दशकांत या विषयाला खरे स्वरूप दिले ते शांताराम भालचंद्र देव यांनी. नागपूर विद्यापीठाच्या आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या माध्यमातून टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि, अरविंद जामखेडकर यांच्यासह, नैकुंड येथे झालेल्या उत्खननांचे अहवाल अनुक्रमे १९७०, १९७३ आणि १९८२ मध्ये छापले गेले. देवांच्या कामाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी दफनाबरोबर वसाहतीचाही शोध घेतला. त्याआधी महापाषाण म्हणजे मृतांचीच संस्कृती असल्यासारखे लिहिले जाई. टाकळघाट आणि नैकुंड येथे लाकडी खांबांच्या घरांचे पुरावे, जमिनी, चुली आणि धान्य हाती आल्यावर जिवंत माणसे दिसू लागली. डेक्कन कॉलेजच्या मुकुंद काजळे यांनी जळालेल्या धान्यकणांचा जो अभ्यास केला, त्यावरून भात, गहू, जव आणि मसुरासारखी कडधान्ये विदर्भातील या लोकांच्या आहारात होती हे सिद्ध झाले. म्हणजे ते खरीप आणि रब्बी दोन्ही हंगाम ओळखणारे शेतकरी होते.

वर्तुळांत मिळालेल्या वस्तूंत लोखंड सर्वांत बोलके आहे. पट्ट्यांनी दांड्याला आवळून बसवण्याच्या विशिष्ट कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खंजीर, भाल्यांची टोके, खिळे अशी अवजारे व हत्यारे मोठ्या संख्येने सापडतात. त्यांबरोबर काळी-तांबडी भांडी, म्हणजे भट्टीत उपडी ठेवून भाजल्यामुळे आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी झालेली मृद्भांडी, अर्धमौल्यवान खड्यांचे मणी, तांब्याच्या घंटा आणि क्वचित सोन्याचे दागिने मिळतात. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची लहानशी गोल भट्टी, वक्र भाजलेल्या विटांचे तुकडे, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळ, म्हणजे धातू वितळल्यावर उरणारा चोथा, एकत्र सापडला. तिचा काळ इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपास येतो. कच्चे लोहखनिज, भट्टी, घर, शेत आणि दफनाची जागा या सर्व गोष्टी एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या, आणि या शेजारामुळेच विदर्भातील पुरावा भारतातील इतर अनेक प्रदेशांच्या पुराव्याहून अधिक परिपूर्ण आहे.

घोड्याचा पुरावा त्याहून विलक्षण आहे. माहुरझरी, नैकुंड, भागीमोहारी अशा स्थळी मानवी अस्थींबरोबर घोड्याचे अवशेष, लोखंडी लगामाचे भाग आणि घोड्याच्या चेहऱ्यावर बांधण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले आहेत. घोडा या प्रदेशातला मूळचा प्राणी नव्हे. तो बाहेरून आणावा लागे, पाळावा लागे, आणि तरीही त्याला मृताबरोबर जमिनीत पुरण्याइतके त्याचे महत्त्व होते. यावरून समाजात स्वारी करणारा, दूरच्या प्रदेशांशी देवाणघेवाण असणारा आणि मरणानंतरही आपले स्थान दाखवणारा एक वर्ग होता असे म्हणता येते. सर्व वर्तुळे सारखी मोठी नाहीत आणि सर्वांत सारख्या वस्तू नाहीत, हा फरकही त्याच दिशेने बोट दाखवतो.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान, गोल खळगे ओळींत कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांचे लक्ष प्रथम त्यांच्याकडेच वेधले गेले होते, कारण स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील खडकांवरही असे खळगे आहेत. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळगे असलेल्या धोंड्यांची दिशा वर्तुळाच्या मध्यापासून मोजली तेव्हा ती कशीही विखुरलेली नसून ठरावीक तीन दिशांत एकवटते असे त्यांना आढळले. यातून आकाशनिरीक्षणाशी काही संबंध असावा अशी शक्यता त्यांनी मांडली. ही शक्यता आकर्षक आहे, पण ती अद्याप शक्यताच आहे. दिशेचे सातत्य हे मोजमापाचे तथ्य आहे. त्यामागील हेतू सूर्याच्या उगवण्या-मावळण्याचा होता, एखाद्या ताऱ्याचा होता, की वस्तीकडे किंवा एखाद्या टेकडीकडे तोंड करण्याचा होता, हे ठरवण्यासाठी आणखी अनेक स्थळांवर तेच मोजमाप व्हावे लागेल. आणि तसे मोजमाप व्हायचे असेल तर धोंडे मूळ जागेवरून हाताच्या अंतरानेही हललेले असता कामा नयेत. वर्तुळातील एक दगड बाजूला सारून ठेवला, तो फुटला नाही, चोरीस गेला नाही, तरी त्याने दिलेली दिशेची साक्ष कायमची नाहीशी होते.

आकाश आणि शिळा यांचा विचार निघाला की तेलंगणातील मुडुमल या स्थळाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेच्या काठी, नारायणपेट जिल्ह्यात, बारा ते चौदा फूट उंचीच्या सुमारे ८० उभ्या शिळा आणि त्यांच्या आसपास लहान दगडांच्या कितीतरी रांगा आहेत. हैदराबाद विद्यापीठातील के. पी. राव यांनी तेथे दीर्घकाळ अभ्यास केला असून एका दगडावरील खळग्यांची मांडणी सप्तर्षींच्या आकृतीशी जुळते असे निदर्शनास आणले आहे. मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत मुडुमलचा समावेश झाला. स्थानिक लोक या शिळांना तिम्मप्पाच्या नावाने ओळखतात आणि त्यांतील एका शिळेची पूजा यल्लम्मा म्हणून करतात. ज्या शिळेला गावाने आपले म्हटले ती शिळा टिकली, आणि जागतिक यादीत नाव पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिचे रक्षण गावानेच केले होते, असा या स्थळाचा अनुभव आहे.

विदर्भाच्या पूर्व टोकाला तर शिळा उभी करण्याची प्रथा अजून संपलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात आणि शेजारच्या बस्तरमध्ये माडिया गोंड समाज मृताच्या स्मरणार्थ दगड उभे करतो; बस्तरमध्ये अशा उभ्या शिळेला उरसकल म्हणतात, आणि डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या १९३८ मधील ग्रंथात या प्रथेचे तपशीलवार वर्णन आहे. दगड निवडणे, तो वाहून आणणे, त्यासाठी नातलगांनी एकत्र येणे आणि भोजन देणे या सर्व कृतींतून दिसते की उभी शिळा ही मुळात वस्तू नसून एक सामुदायिक घटना असते, जिची दगड ही खूण मागे राहते. मात्र आजचे माडिया हे जुनापाणीच्या लोकांचे थेट वंशज आहेत असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांचा दुवा हाती नाही, आणि जिवंत समाजाला भूतकाळाचा नमुना म्हणून मांडणे हे त्या समाजावर अन्यायकारक आहे. शास्त्राला यातून मिळते ते एवढेच की असा दगड उभा करण्यामागे कोणते श्रम, कोणती नाती आणि कोणती कर्तव्ये असू शकतात याची कल्पना करता येते.

ब्रिटनमधील स्मारकांच्या कायदेशीर संरक्षणाचा इतिहासही अशा शिळांपासूनच सुरू होतो, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेथे १८८२ साली संमत झालेला प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा जॉन लबक यांच्या प्रयत्नांचे फळ होता, आणि त्या कायद्याला जोडलेल्या यादीतील जवळजवळ सर्व स्मारके प्रागैतिहासिक, म्हणजे शिलावर्तुळे, उभ्या शिळा आणि दफनाचे उंचवटे अशी होती. त्यामागे कटू अनुभव होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कने बेटावर आरपार भोक असलेली एक शिळा होती, तिच्या भोकातून हात मिळवून दिलेले वचन बेटावरचे लोक अतूट मानीत. डिसेंबर १८१४ मध्ये जमीन कसणाऱ्या एका इसमाने लोकांच्या ये-जा करण्याला कंटाळून ती फोडून टाकली. बेटावरचा संताप इतका होता की त्याचे घर जाळण्याचे प्रयत्न झाले, परंतु त्याला रोखू शकेल असा कोणताही कायदा त्या वेळी नव्हता. जनतेची श्रद्धा आणि जमीनधारकाचा हक्क यांत हक्क वरचढ ठरला.

भारतात कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या कायद्यात आणि त्यानंतर १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमात प्राचीन स्मारकाची जी व्याख्या आहे, तिच्यात इमारतींबरोबरच दफनाचे उंचवटे, दफनस्थाने आणि एकसंध शिळा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या शिळेवर एक अक्षरही नाही, तिलाही कायद्याच्या दृष्टीने ताजमहालाइतकाच स्मारकाचा दर्जा मिळू शकतो, अट एवढीच की ती किमान शंभर वर्षे जुनी असावी आणि राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर व्हावी. त्यासाठी केंद्र शासन दोन महिन्यांची सूचना देते, हरकती मागवते आणि मग अधिसूचना काढते. जुनापाणी आणि टाकळघाटसह नागपूर जिल्ह्यातील अनेक ठिकाणची शिलावर्तुळे अशा प्रकारे केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. २०१० मधील दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र नियंत्रित ठरवले, आणि स्मारकाच्या नासधुशीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. कायदा कमकुवत आहे अशी तक्रार त्यामुळे करता येत नाही.

अडचण कायद्याच्या बळात नसून त्याच्या भूमितीत आहे. कायदा हद्द आखतो. हद्दीच्या आत स्मारक आणि बाहेर साधी जमीन अशी विभागणी त्याला करावीच लागते. राजवाड्याच्या बाबतीत हे जमते, कारण राजवाडा तटाशी संपतो. शिलावर्तुळांचे तसे नाही. ३०० वर्तुळांचे क्षेत्र एखाद्या सर्व्हे नंबरशी थांबत नाही; ते उंचवट्याच्या कडेने, ओढ्याच्या वळणाने पसरत जाते, विरळ होते, पुन्हा दाट होते. ज्या वस्तीतील लोकांनी ही वर्तुळे रचली तिचे पांढरीच्या मातीचे टेकाड कदाचित पाऊण कोसावर असते, भट्टीची जागा नदीकाठी असते, धोंडे ज्या कातळातून काढले तो उघडा कातळ आणखी वेगळ्या दिशेला असतो, आणि यांपैकी काहीही त्या अधिसूचनेत नसते. स्मारकाभोवती तारेचे कुंपण घातले, निळा फलक लावला, की आतले जपले गेले असे मानले जाते. पण आतल्याला अर्थ देणारे जे बाहेर आहे त्यावर त्याच सुमारास मुरुमाची खाण सुरू होऊ शकते, आणि ती पूर्णपणे कायदेशीर असू शकते. टाकळघाटच्या शेजारी बुटीबोरीची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत उभी आहे, हिंगण्याची वसाहत आहे, आणि नागपूर शहर काटोल रस्त्याच्या दिशेनेही वाढत आहे. उद्योग आणि घरे यांची गरज खरी आहे. परंतु महापाषाण रचणाऱ्यांना जी मुरमाड, उथळ, शेतीला कमी उपयोगाची जमीन पसंत होती, तीच आज भूखंड पाडण्यास सर्वांत स्वस्त आणि सोयीची ठरते, हा योग दुर्दैवी आहे.

शेतकऱ्याची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. आपल्या जमिनीत वर्तुळ निघाले तर जमीन जाईल, विहीर खणता येणार नाही, घर बांधता येणार नाही, ही भीती त्याला वाटते, आणि ती निराधार नाही. म्हणूनच पुष्कळदा दगड आधी हलवले जातात आणि नोंद करणारे नंतर पोहोचतात. वास्तविक १९५८ च्या कायद्यानेच याचा विचार केला आहे. संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या पुरातत्त्वीय स्थळावर खाणकाम, उत्खनन, सुरुंग आणि बांधकाम यांना बंदी आहे, परंतु पृष्ठभागापासून एक फुटापेक्षा खोल माती खणावी लागत नसेल अशा शेतीला ती लागू नाही. वखराची पाळी देणाऱ्या जुन्या पद्धतीला ही मर्यादा सहज पाळता येत असे. ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीला ती पाळता येईलच असे नाही. त्याचप्रमाणे मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून देखभालीचा करार करण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. जमीन ताब्यात न घेता रक्षण करण्याचा हा मार्ग महापाषाणांसाठी विशेष योग्य असताना त्याचा विचार फारच थोडा होतो, आणि याचा दोष कोणा एका खात्यावर टाकण्यापेक्षा स्मारक म्हणजे इमारत ही जी समजूत शासनात आणि समाजात सारखीच रुजली आहे, तिच्यावर टाकणे अधिक योग्य ठरेल.

महसुली नोंदीचा प्रश्न याहून साधा आणि याहून दुर्लक्षित आहे. महाराष्ट्रात जमिनीबद्दल जे काही खरे मानले जाते ते सातबाऱ्यावर आणि गावनकाशावर असते. विहीर, पायवाट, स्मशान, देवस्थान यांना तेथे जागा आहे. शिलावर्तुळ मात्र बहुतेक वेळा त्या नकाशावर ‘पडीक’ या एका शब्दात विरघळून जाते. इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ आणि गावनकाशावर एक खूण एवढी नोंद झाली तर खरेदीखत करणाऱ्याला, मोजणी करणाऱ्याला आणि खाणपट्टा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ती आपोआप दिसेल. केंद्रीय यादीतील स्थळांपेक्षाही ही नोंद त्या असंख्य लहान स्थळांसाठी निर्णायक ठरेल जी कोणत्याच यादीत नाहीत: एखाद्या खेड्याच्या शिवारातील चार-पाच वर्तुळे, जंगलातील एकटी उभी शिळा, अर्धवट जमिनीत गेलेला शिलाप्रकोष्ठ. ही स्थळे राष्ट्रीय महत्त्वाची ठरणार नाहीत आणि ठरण्याची आवश्यकताही नाही. ती गावाच्या महत्त्वाची आहेत. ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेतील शिक्षकाने मुलांकडून करून घेतलेला साधा आराखडा, तलाठ्याची नोंद आणि जवळच्या विद्यापीठातील पुरातत्त्व विभागाला पाठवलेले छायाचित्र या चार गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

संरक्षणाचा आणखी एक अर्थ सर्वांत कमी लक्षात घेतला जातो, तो म्हणजे न खणणे. उत्खनन ही ज्ञान मिळवण्याची पद्धत असली तरी ती त्याच वेळी नाश करण्याचीही पद्धत आहे, कारण एकदा उलगडलेला थर पुन्हा रचता येत नाही. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये उघडलेल्या वर्तुळांतून त्यांना हवी होती ती हत्यारे आणि भांडी मिळाली. मातीतील परागकण, धान्याचे सूक्ष्म अंश, भांड्यांच्या आतल्या बाजूला शोषली गेलेली स्निग्ध द्रव्ये यांचा विचार त्या काळी कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते, आणि ती माती उकरून टाकली गेली. देवांच्या उत्खननांनी धान्याकडे आणि धातूकडे पाहिले, कारण त्या वेळेपर्यंत शास्त्र तेथवर आले होते. आता प्राचीन अस्थी आणि दात यांतील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून एखादे माणूस वा जनावर कोठे वाढले याचा अंदाज बांधता येतो. माहुरझरीच्या घोड्यांबद्दलचा प्रश्न, ते नेमके कोणत्या प्रदेशातून आणले गेले, याच पद्धतीने सुटण्याजोगा आहे. त्यासाठी न विस्कटलेला भराव, मूळ जागी असलेले धोंडे आणि त्या धोंड्यांखाली तीन हजार वर्षांपूर्वी झाकली गेलेली जुन्या जमिनीची पातळी लागेल. जुनापाणीच्या माळावरील ज्या वर्तुळांना आजवर कोणी हात लावलेला नाही, त्यांच्याखाली ती पातळी अजून आहे.